छातीतलं कुत्रं

१

पाणचक्कीवाला झकारियश नदीच्या उतारात पालथा सापडला, तेव्हा आभाळ नुसतं राखेच्या रंगाचं झालं होतं. ऑगस्टातली नदी, पाणी घोट्याच्या वर नाही. त्या पाण्यात चिमणी बुडाली नसती, मग एवढा आडदांड माणूस बुडेल कसा? कपाळाच्या डाव्या अंगाला जखम होती आणि तोंड पलीकडे, स्पेनच्या काठाकडे वळलेलं होतं.

"मारलाय, सार्जंटसाहेब," गस्तीचा शिपाई म्हणाला. "आणि मारणाराही इथंच घावला. म्हाताऱ्याच्या काखेत हात घालून ओढत होता."

तो दगडावर बसला होता, अंगभर भिजलेला, नजर पाण्यात. फेर्मिन. पलीकडच्या एन्सिनार गावचा पोरगा, तीन वर्षांपूर्वी एका थंडीत चक्कीच्या दाराशी तापाने फणफणलेला आला आणि तिथंच पोती उचलायला राहिला. ना कागद, ना पत्र. अलीकडच्या, पोर्तुगालातल्या एश्तेवाल गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच कधी बोललं नव्हतं. सीमेच्या नाक्यावरचा सार्जंट आंसेल्मू क्वारेश्माही नाही. त्याची स्वतःची आई पलीकडची होती. नदी ओलांडून आलेल्या माणसाला परका म्हणायला त्याची जीभ वळत नसे.

"काय झालं, लेका?" आंसेल्मूने हलक्या आवाजात विचारलं.

फेर्मिनने मान वर केली, ओठ उघडले आणि मिटले. त्यानंतर त्या दिवशी त्याने तोंड उघडलं नाही.

आंसेल्मूने शिपायांना उतारावरच थांबवलं. गावात अजून कुणाला पत्ता नव्हता, आणि झकारियशच्या बायकोला, पेर्पेतुआ मावशीला, ही बातमी भलत्याच्या तोंडून कळू नये असं त्याला वाटत होतं. तो एकटाच काठाने चक्कीवर गेला.

उंबऱ्यावर पिलोतू पडला होता, झकारियशचा म्हातारा कुत्रा. त्याने डोळे उघडले, पण भुंकला नाही. भुंकण्याला इकडे 'लातीर' म्हणतात. पलीकडे हाच शब्द काळजासाठी ठेवलाय. तिकडे कुत्री वेगळ्या शब्दाने भुंकतात आणि लातीर करतं ते काळीज. आंसेल्मू लहान असताना आई त्याच्या छातीला कान लावून म्हणायची, "बघ कसं लातीर करतंय." ते त्याने शाळेत सांगितलं, आणि वर्षभर पोरांनी चिडवलं, 'क्वारेश्माने छातीत कुत्रं पाळलंय.'

पेर्पेतुआ मावशी चुलीपाशी बसली होती. चूल पेटलेली नव्हती.

"मावशी," तो म्हणाला, "वाईट बातमी आहे. झकारियशकाका गेले."

तिने डोळे मिटले. पदर तोंडाला लावावा तशी काळी शाल तोंडाला लावली. काठाने चालून आलेल्या आंसेल्मूने पाणी मागितलं.

"पाणी नाही रे," ती म्हणाली. "वाइन घे थोडी."

भिंतीशी लाकडी फळीवर तिन्ही घागरी पालथ्या होत्या. यंदा झरा करंगळीएवढा झाला होता आणि घागरीसाठी बायकांची भांडणं होत होती, तेव्हा त्याला काही वावगं वाटलं नाही. त्याने घोटभर वाइन घेतली आणि उठला.

तो दारापर्यंत गेला असेल नसेल, मागून तिचा आवाज आला. "आंसेल्मू, पोराला कुठं ठेवलंय?"

त्याचा पाय उंबऱ्यावरच थबकला. फेर्मिनला पकडलंय हे त्याने तिला सांगितलंच नव्हतं.

२

नाक्यावर कॅप्टन तेलेश नाश्त्याला बसले होते. शहरातून बदली होऊन त्यांना एश्तेवालला महिनाही झाला नव्हता. इथली कॉफी चोरून पलीकडे जाते हे त्यांना समजलं होतं. पण पावासाठी, पोरीबाळींच्या लग्नासाठी, कधी नुसत्या जिवासाठी माणसं ये-जा करतात, हे त्यांच्या ध्यानात यायचं होतं.

"सरळ मामला आहे, क्वारेश्मा. पलीकडचा भुरटा. म्हाताऱ्याने हटकलं, त्याने दगड घातला. उद्या दुपारी पुलावर त्यांच्या पोलिसांच्या हवाली करून टाकू. त्यांचा माणूस आहे, ते बघून घेतील."

"ते बघून घेतात म्हणजे काय करतात, साहेब, ते इथं सगळ्यांना माहीत आहे."

"मला माहीत नाही, आणि मी विचारणारही नाही. त्याचं नाव काय?"

आंसेल्मू टोपी सरळ करत म्हणाला, "सांगत नाही, साहेब."

खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं. नाव तो का गिळून बसला ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

फेर्मिनचा बाप एन्सिनारचा शाळामास्तर. पलीकडच्या यादवी लढाईच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्याला शाळेतून उचलून नेलं, तो परत आला नाही. फेर्मिन मोठा झाला आणि ज्यांनी बापाला नेलं त्यांच्याच फौजेतून पळून आला. अशा माणसाला पुलाच्या मध्यावर सोडणं म्हणजे काय, ते नदीच्या दोन्ही काठांवरच्या शेळ्यांनाही समजत होतं. उद्या दुपारपर्यंत वेळ होता.

कोठडीत जाऊन आंसेल्मू त्याच्यासमोर बसला आणि आईच्या भाषेत बोलला. "हे बघ, तू मारलं नाहीस हे मी जाणतो. मग काय ते सांग. तुझा जीव जातोय."

फेर्मिनने नुसती मान हलवली. भीती होती त्याच्या चेहऱ्यावर, पण आपल्यासाठी भिणाऱ्या माणसाचा चेहरा असा नसतो. तो दुसऱ्या कुणावर तरी पांघरूण घालत होता. कुणावर? आंसेल्मूच्या मनात चक्कीतला तो प्रश्न पुन्हा उभा राहिला, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. चाळीस वर्षं एका ताटात जेवलेली बाई. पण असं कधी झालंच नाही असंही नाही.

देह देवळाच्या बाजूच्या खोलीत ठेवला होता. त्याने दार लावून घेतलं आणि टोपी काढली.

झकारियश रविवारी देवळात जाण्याआधी तेवढी दाढी करायचा. आज गुरुवार. तरी गाल गुळगुळीत. चक्कीवाल्याच्या कानात, नखांत, भुवयांत पीठ मुरलेलं असतं. मुलं त्याला 'बर्फाचा बाबा' म्हणायची. आज कानाच्या पाळीमागेही पीठ नव्हतं. उताराच्या पाण्याने नखातलं पीठ निघेल, पण दाढी होत नाही.

मग त्याने जखम पाहिली. बोटभर लांब, खोल, कडा पांढुरक्या. त्याने दिवा जवळ नेला. शर्टाची कॉलर पाहिली, केस पाहिले. माणसाच्या कपाळाला साधं खरचटलं तरी डोळ्यांत रक्त उतरतं. इथं थेंब नव्हता.

ज्या झकारियशला तो दगड लागला, तो झकारियश आधीच मेलेला होता.

३

झकारियशचं गावात एकाच माणसाशी भांडण झालं होतं. दुकानदार सिल्व्हेरियू. पुढच्या दाराने साबण आणि साखर विकायची आणि मागच्या दाराने कॉफी पलीकडे पाठवायची, असा त्याचा दुहेरी संसार. रविवारी देवळाबाहेर दोघे एकमेकांवर असे तडकले की पाद्रीबाबांना मध्ये पडावं लागलं.

"या सार्जंटसाहेब. पकडायला आलात की प्यायला?"

"ते तुझ्या उत्तरावर आहे. रविवारी कशावरून वाजलं तुमचं?"

"पिठात कोंडा घालत होता."

"चाळीस वर्षं घालत होता. तू कधी चिडला नाहीस."

सिल्व्हेरियूने फडकं उचललं, कोरडाच गल्ला पुसला. "तुम्ही टोपी घालून विचारताय की काढून?"

आंसेल्मूने टोपी काढून गल्ल्यावर ठेवली. सिल्व्हेरियूने त्याच्यापुढे कॉफीचा कप सरकवला.

"मग ऐका. माझ्याकडे दोन माणसं आणि एक खेचर मागत होता. कधी लागेल ते सांगता येत नाही म्हणाला, पण लागेल तेव्हा लगेच. एक ओझं पलीकडे न्यायचं, विचारायचं काही नाही. मी म्हटलं, नवा कॅप्टन आलाय, सध्या माझी मांजरसुद्धा नदी ओलांडत नाही. तर मला नामर्द म्हणाला. चार लोकांत. आणि बोलताना धाप किती लागत होती, माहितेय? दोन वाक्यांत तीनदा थांबला. मी म्हटलं, ओझं राहू दे, आधी स्वतःला उचल." त्याचा आवाज खाली गेला. "शेवटचं बोलणं हेच झालं आमचं. लहानपणी एकाच झाडाची अंजिरं चोरली होती आम्ही."

"काय ओझं होतं?"

"विचारायचं नाही म्हणाला होता. मी विचारलं नाही."

आतून सिल्व्हेरियूची मुलगी डोक्यावर घागर घेऊन बाहेर आली.

"ही कुठं निघाली?"

"चक्कीवर. माणसं जमतील, पेर्पेतुआकडे थेंब नाही म्हणे."

"कमाल आहे," मुलगी म्हणाली. "काल सांजेला झऱ्यावर माझ्या पुढंच होत्या त्या. दोन घागरी भरून नेल्या. मी म्हटलंसुद्धा, मावशी, दोन माणसं वाढलीत का घरात? एका रात्रीत घागरी प्यायल्या की काय कुणी?"

ती हसत बाहेर पडली. आंसेल्मूच्या हातातला कप तसाच राहिला.

त्याला आईचा शेवटचा दिवस आठवला. तो दहा वर्षांचा असेल. श्वास थांबला आणि रडण्याआधी मोठ्या मावशीने उठून घरातलं सगळं पाणी अंगणात ओतलं. माठातलं, तांब्यातलं, गुलाबाच्या भांड्यातलंसुद्धा. जीव जाताना घरच्या पाण्यात अंघोळ करून जातो. ते पाणी मग कुणी प्यायचं नसतं. घागरी पालथ्या घालायच्या आणि देह घराबाहेर पडेपर्यंत भरायच्या नाहीत. पण हे फक्त घरात जीव गेला तरच. वडील रानात गेले, तेव्हा घरातल्या पाण्याला कुणी हात लावला नव्हता.

झकारियश उतारात मेला असता तर मावशीच्या घागरी भरलेल्या असत्या. बातमी तर तिला सगळ्यात आधी त्यानेच सांगितली होती, आणि घागरी त्याआधीच पालथ्या होत्या.

त्याने टोपी उचलली. कॉफी तशीच राहिली.

४

चक्कीवर अजून माणसं जमली नव्हती. पेर्पेतुआ दारात बसली होती आणि गळ्यातल्या गळ्यात काही म्हणत होती. दळण दळताना ती नेहमी म्हणायची तेच.

*नदीच्या गं पल्याड, उभं ओकाचं झाड*
*सावली येई माझ्या दारी, मूळ राही पल्याड*

आंसेल्मू तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसला. पिलोतू सरकला आणि त्याने दोघांच्या मध्ये डोकं ठेवलं.

"मावशी, काका अंथरुणातच गेले ना?"

ती गाणं म्हणायची थांबली.

"तू त्यांची दाढी केलीस, अंघोळ घातलीस, पांढरा शर्ट चढवलास. घागरी ओतल्यास. काका सिल्व्हेरियूकडे खेचर मागत होते ते स्वतःच्याच देहासाठी. ते मिळालं नाही, म्हणून चक्कीच्या गाढवावर घालून तू आणि तो पोरगा त्यांना उतारावर घेऊन गेलात. पलीकडे. का?"

"घागरी," ती म्हणाली. "बघ, अडाणी बाई. चोरी करायला निघाले आणि रीत सोडता आली नाही." मग ती नदीकडे वळली. "महिनाभर म्हणत होता, पेर्पेतुआ, छातीतलं कुत्रं म्हातारं झालं गं. तो शब्द फेर्मिनने आणला घरात. पहिल्या थंडीत तापात होता तो, मी छातीवर हात ठेवला, तर बरळतो, लातीर करतंय, फार लातीर करतंय. मी वेडी दार उघडून बघायला गेले कुठलं कुत्रं भुंकतंय. झकारियश असा हसला, असा हसला. दोमिंगुश गेल्यापासून पहिल्यांदा हसला."

दोमिंगुश तिचा मुलगा. एकुलता एक. लढाईच्या पहिल्या उन्हाळ्यात विशीत होता. लिस्बनला गेला, तिथून जहाजाने ब्राझीलला गेला, असं गावात सांगत. पत्र कसं येत नाही, हे कुणी विचारत नसे.

"तो ब्राझीलला गेला नाही," आंसेल्मू म्हणाला.

"त्या ओकापर्यंत गेला." तिने बोट दाखवलं नाही, नुसती हनुवटी वर केली. पलीकडच्या काठावर एकच मोठा ओक होता. "मास्तर पहारेकऱ्यांच्या हातून निसटून नदीपर्यंत आला होता. हा त्याला उतार दाखवायला गेला. दोघांना तिथंच गाठलं. मी इकडे दारात उभी. आवाज ऐकला, पण आवाजावरून काय कळतं. सकाळी मास्तरची बायको धुण्याचं टोपलं घेऊन पलीकडे आली. रेमेदियोस. मला बघून ओरडली, आता लातीर नाही, आता लातीर नाही. मला वाटलं, आमचा कुत्रा मेला तिकडे जाऊन, तेच सांगतेय. मी म्हटलं, बाई, माझं कुत्रं तर इथं माझ्या पायाशी आहे. मग तिने हात छातीवर ठेवला. आधी स्वतःच्या, मग बोट माझ्याकडे."

पाण्यावरून एक पाकोळी गेली. मावशीचा आवाज कापला नाही. ते रडणं केव्हाच संपलं होतं.

"तिने एकटीने खड्डा खणला. नवऱ्याला आणि माझ्या पोराला शेजारी शेजारी ठेवलं, वर दगड रचले, कुणाला कळू दिलं नाही. तिथं धुणं वाळत घालते ती अजून. त्यांच्या लोकांना कळलं तर खड्डा उकरतील, आणि लपवलं म्हणून तिला नेतील. झकारियशने वचन घेतलं होतं, मी गेलो की मला पोराच्या शेजारी ठेव. परवानगी कुणाकडे मागू? ज्यांनी मारलं त्यांच्याकडे? काल संध्याकाळी भाकरी मोडता मोडता गेला. गाढव उतारात आलं आणि वरच्या अंगाला गस्तीचा कंदील दिसला. गाढव बुजलं. माझा माणूस खाली पडला, दगडावर. मेल्यावरसुद्धा त्याला लागलं रे." तिने पिलोतूच्या कानामागे हात फिरवला. "पोरगा म्हणाला, तुम्ही गाढव घेऊन जा, मी यांना एकटं सोडत नाही. आणि माझ्याकडून शपथ घेतली, काही झालं तरी ओकाचं नाव काढायचं नाही. त्याची आई आहे तिथं."

आता कोडं सुटलं होतं आणि आंसेल्मूला वाटलं, सुटलं नसतं तर बरं. खरं सांगावं तर पलीकडची आई जाते. न सांगावं तर तिचा मुलगा जातो.

"त्याला कुठं नेणार आहेत?" मावशीने विचारलं. "कागद नाही म्हणून चार दिवस बसवून ठेवतील, एवढंच ना?"

"नाही मावशी. उद्या दुपारी पुलावर."

तिने शाल घट्ट ओढून घेतली. भर उन्हात.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी आंसेल्मू कॅप्टनांसमोर उभा राहिला आणि त्याने सगळं नीट मांडलं. बिनरक्ताची जखम. गुळगुळीत गाल. झऱ्यावर भरलेल्या आणि पहाटे पालथ्या दिसलेल्या घागरी. कॅप्टनांनी देवळाजवळ जाऊन जखम स्वतः पाहिली, पाद्रीबाबांना बोलावून घागरींची रीत विचारली. पाद्रीबाबा म्हणाले, आम्ही वर्षानुवर्षं ओरडतोय या खुळाविरुद्ध, बायका ऐकत नाहीत.

"बरं. म्हातारा घरात मेला," कॅप्टन म्हणाले. "मग नदीत कसा आला?"

"चक्कीपासून गावापर्यंतची वाट दरडीने खचलीये, साहेब. उन्हाळ्यात आम्ही नदीच्या पात्रातूनच ये-जा करतो. ऑगस्टात देह ठेवून भागत नाही, म्हातारीने रात्रीच देवळाकडे आणायचं ठरवलं. गाढव बुजलं. दुःखात माणसाला रीतभात सुचते, अक्कल सुचत नाही."

वाट खचलेली होतीच. पात्रातून सगळे येतही होते. एवढंच की देऊळ नदीच्या वरच्या अंगाला होतं आणि उतार खालच्या अंगाला. ते कॅप्टनांना अजून माहीत नव्हतं, किंवा माहीत असून ते गप्प राहिले.

"म्हणजे खून नाही. छान. एक कागद कमी झाला." त्यांनी सिगारेट पेटवली. "पण त्या पोराकडे एकही कागद नाही, क्वारेश्मा. तो पलीकडचा आहे. खून असो नसो, पुलावर तर तो जाणारच. दुपारी."

आंसेल्मूकडे आता काही उरलं नव्हतं. सत्य संपलं होतं आणि दुपार व्हायची होती.

दार वाजलं. पेर्पेतुआ आत आली. तिने डोक्यावरून काळी शाल घेतली होती, पायांत सणावारी घालायचे बूट होते. मागे अंगणात अर्धं गाव उभं होतं.

"साहेब," ती म्हणाली, "माझ्या माणसाला आज माती द्यायचीये. माझ्या मुलाला सोडा. बापाला खांदा द्यायला तोच आहे."

"कोण मुलगा?"

"तुमच्या कोठडीत बसलाय तो. दोमिंगुश. माझा दोमिंगुश."

दोमिंगुशचा बाप्तिस्मा याच देवळात झाला होता. त्याचं नाव देवळाच्या वहीत जन्मलेल्यांत होतं; मेलेल्यांत ते कधी लागलं नव्हतं, कारण तो कुठं आणि कसा मेला हे कुणाला सांगायचंच नव्हतं. सरकारच्या लेखी तो अजून जिवंत होता.

"तो स्पॅनिश आहे असं माझा शिपाई म्हणाला," कॅप्टन म्हणाले.

दाराशी उभ्या शिपायाने मान खाजवली. "अंधार होता, साहेब. चप्पल बघून मला तसं वाटलं."

"तुझा मुलगा होता तर काल का बोलली नाहीस?"

"काल मी विधवा झाले होते, साहेब. आज आई झाले."

कॅप्टन उठून दारात गेले. "हा चक्कीवाल्याचा मुलगा आहे असं म्हणणारं आणखी कुणी आहे का?"

सगळ्यांना समजलं होतं, ही काय देऊन टाकतेय. मग सिल्व्हेरियू गर्दीतून पुढे आला. तोच, ज्याला चार लोकांत नामर्द म्हटलं गेलं होतं.

"मी आहे, साहेब. लुच्चा आहे तो. ब्राझीलला जातो सांगून पळाला, तेव्हा माझ्या दुकानातून दोन बूट उधार नेले होते. परत आलाय तर चपला घालून. विचारा त्याला, माझे बूट कुठं आहेत."

कुणीतरी हुंदका दिला की हसलं, ते कळलं नाही. मग एक म्हातारी म्हणाली, मी अंघोळ घातलीये त्याला. शाळेची शिक्षिका म्हणाली, पाढे कधी आले नाहीत याला. पाद्रीबाबा खाली पाहत होते. कॅप्टनांनी त्यांच्याकडे वळून विचारलं, तसे ते म्हणाले, "दोमिंगुशचा बाप्तिस्मा मीच केलाय." आणि पुन्हा खाली पाहू लागले.

फेर्मिनला बाहेर आणलं. कॅप्टन तेलेश मूर्ख नव्हते. त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, म्हातारीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, साऱ्या अंगणाकडे पाहिलं.

"तू एक शब्द बोललेला नाहीस," ते म्हणाले. "आता बोल. ही तुझी कोण?"

पलीकडच्या काठावर या वेळी एक बाई धुणं वाळत घालत असेल. आंसेल्मूला ती मनात दिसली, फेर्मिनला तर दिसलीच असणार. त्याने पेर्पेतुआकडे पाहिलं.

"आई," तो म्हणाला.

कॅप्टनांनी सिगारेट बुटाखाली विझवली. "जा मग, बापाला पोचवा," ते म्हणाले, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

६

झकारियशला अलीकडेच पुरलं. देवळामागे, भिंतीला लागून, मुलापासून एका नदीच्या अंतरावर.

मातीनंतर पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली. आधी मेलेल्यांसाठी, मग जिवंतांसाठी. जिवंतांची नावं घेताना ते थांबले आणि मग म्हणाले, दोमिंगुश. पेर्पेतुआच्या खांद्यांना हिसका बसला. आंसेल्मू तिच्या मागेच उभा होता. दर वर्षी मृतांच्या दिवशी ती देवळाच्या कोपऱ्यात एक जादा मेणबत्ती लावायची, कुणासाठी ते न सांगता. आता ती लावता येणार नव्हती. जिवंत माणसासाठी मेणबत्ती लावली तर लोक विचारतील. तिच्या मुलाला थडगं नव्हतंच. आता त्याला मरणही राहिलं नव्हतं. तेही तिने देऊन टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंसेल्मू गस्तीवरून परतताना चक्कीवर थांबला. फेर्मिन पोती मोजत होता. कुणी दोमिंगुश म्हणून हाक मारली की तो अजून एक क्षण उशिरा वळत होता.

"पलीकडे निरोप गेलाय," आंसेल्मू हळूच म्हणाला. "सिल्व्हेरियूची मांजर नदी ओलांडून आली."

"काय सांगितलं आईला?"

"की तुझा मुलगा जिवंत आहे, पण त्याला हाक मारायची नाही."

फेर्मिनने मान हलवली आणि पोत्याला गाठ मारली. ती गाठ त्याने दोनदा सोडून पुन्हा बांधली.

पेर्पेतुआ झऱ्यावरून भरलेली घागर घेऊन आली. ती त्याच्यापाशी थांबली, घागर कमरेवर तोलली आणि मोकळा हात त्याच्या छातीवर ठेवला. बराच वेळ ठेवला. पिलोतूने मान वर करून पाहिलं.

"लातीर?" तिने विचारलं.

"लातीर, आई."

"भुंकू दे," ती म्हणाली. "बांधून ठेवू नकोस."

ऊन नुकतंच वर येत होतं. पलीकडच्या ओकाची सावली रोजच्यासारखी नदी उतरून आली, दगडांवरून, वाळूवरून, चक्कीच्या उंबऱ्यापर्यंत. पेर्पेतुआने घागर आत नेली नाही. एवढ्या दुष्काळात, जिथं घोटासाठी भांडणं होत होती, तिथं ती दाराशी ओणवी झाली आणि त्या सावलीच्या शेंड्याशी, घरात जीव गेल्यावर ओततात तसं, सगळं पाणी हळूहळू ओतलं. शेवटच्या थेंबापर्यंत. मग घागर पालथी न घालता सरळच कमरेवर घेतली आणि पुन्हा भरायला झऱ्याकडे गेली.